निदान निदान तरी करा!

मराठीत 'निदान' या शब्दाला दोन नोकऱ्या आहेत. एक, रोग ओळखणं. आणि दुसरी, 'कमीत कमी'. हा शब्द ज्यांनी घडवला त्यांना बहुधा पुढचं दिसत असावं. कारण रोग ओळखण्याच्या बाबतीत आपल्याकडे जे काही होतं, ते नेहमी कमीत कमीच होतं. किती कमी? तर फक्त दोन शब्द : "वय झालं."

माणूस जिन्यात दमला, वय झालं. पंखा कुरकुरला, वय झालं. आणि जुनी मोटार सिग्नलवरून सुटताना जराशी अडखळली की मग विचारूच नका. बघे, शेजारी, नातेवाईक आणि गॅरेजवाले असे सगळे मिळून एका सुरात तिचं वय काढतात. बाईमाणसाचं वय चारचौघांत काढू नये एवढा शिष्टाचार आपण पाळतो. पण मोटारीला तेवढीही सवलत नाही.

या दोन शब्दांविरुद्ध मी आज लेखणी उपसली आहे. माझं म्हणणं अगदी साधं आहे. 'वय झालं' हे निदान नव्हे. निदान करण्याचा कंटाळा आलेल्या माणसाने काढलेली ती पळवाट आहे.

आता गाडी अडखळते म्हणजे काय होतं, ते आधी सांगतो. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी हा परिच्छेद वाचला नाही तरी चालेल. त्यांनी तो सोसलेला आहे. सिग्नल हिरवा होतो. तुम्ही पहिला गिअर टाकता, क्लच सोडता, अ‍ॅक्सिलरेटर दाबता. गाडीने आता पुढे जावं अशी साधी अपेक्षा. पण ती एक क्षणभर थबकते. खिडकीपलीकडच्या कारकुनापुढे अर्ज ठेवला की तो जसा आधी चष्मा पुसतो, तसं काहीतरी इंजिनच्या पोटात चालतं. मग एक गचका बसतो आणि गाडी निघते. हा सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा. पण त्या अर्ध्या सेकंदात मागचा रिक्षावाला तुमच्या घराण्याबद्दल एक संपूर्ण वाक्य बोलून घेतो.

या प्रकाराला नावं अनेक. कुणी म्हणतं गाडी दबते, कुणी म्हणतं पिकप घेत नाही, कुणी म्हणतं मिसिंग मारते, कुणी म्हणतं झटके खाते. वास्तविक हे समानार्थी शब्द नाहीत. दबणं वेगळं आणि मिसिंग वेगळं. खोकला आणि उचकी दोन्ही घशातूनच येतात, म्हणून दोन्हींवर एकच औषध देत नाहीत. पण इतक्या खोलात जायला वेळ कोणाला आहे? आमची ही मात्र एकदा शेजारच्या सीटवरून शांतपणे म्हणाली, "अहो, गाडी आवंढा गिळतेय." शास्त्रीयदृष्ट्या एवढं अचूक वर्णन मी आजवर कुठल्याही गॅरेजात ऐकलेलं नाही. का, ते पुढे सांगतो.

त्याआधी सल्लागारांचा समाचार घेऊ. आमच्या तळमजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांचा सल्ला ठरलेला : "प्लग बदला." गाडी अडखळली, प्लग. गाडी तापली, प्लग. एकदा काच वर जात नव्हती तेव्हाही त्यांचं तोंड 'प'साठी उघडलेलं मी पाहिलं आहे. आमचे मेहुणे 'कचरा'वादी. "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." या कचऱ्याचं पत्रिकेतल्या मंगळासारखं असतं. तो कुणाला दिसत नाही, पण आहे असं एकदा म्हटलं की नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही. तिसरे पेट्रोलमध्ये पाणी असल्याचं सांगणारे. आणि चौथा आमचा पुतण्या. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणतो, "काका, काढून टाका ना. भंगारवाल्याचा नंबर देऊ?"

या चौघांत एक गोष्ट समान आहे. चौघांनी उत्तरं दिली. प्रश्न एकानेही विचारला नाही. आपल्या देशात पाऊस कधी दगा देतो, उत्तरं मात्र बारमाही. दुष्काळ आहे तो प्रश्नांचा.

आता जरा इंजिनच्या पोटात शिरू. घाबरू नका, हात काळे होणार नाहीत. जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्बोरेटर करतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबलात की कार्बोरेटरच्या घशातली झडप उघडते. हवा हलकी, ती आगाऊ पाहुण्यासारखी धावत आत शिरते. पेट्रोल जड, ते मागून चपला शोधत येतं. त्या क्षणापुरतं इंजिनच्या पानात भात कमी आणि कढीच जास्त. म्हणून ते थबकतं.

ही गोष्ट कार्बोरेटर बनवणाऱ्यांना माहीत नव्हती असं नाही. त्यांनी त्यावर इलाजही करून ठेवला आहे. कार्बोरेटरच्या कुशीत एक छोटासा पंप असतो. तुम्ही पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबलात की तो पेट्रोलची एक बारीक पिचकारी थेट घशात मारतो. मागे राहिलेलं पेट्रोल येईपर्यंत तेवढ्या आधारावर इंजिन वेळ मारून नेतं. ही पिचकारी आली नाही, तर इंजिनच्या वाट्याला नुसती हवा येते. आणि घशात नुसती हवा आली की काय होतं? आवंढा! मी म्हणालो नव्हतो?

पण म्हणून प्रत्येक अडखळणाऱ्या गाडीत ही पिचकारीच बिघडलेली असते, असं म्हणालो तर तळमजल्यावरच्या काकांत आणि माझ्यात फरक तो काय? अडखळण्याला दहा कारणं असू शकतात. त्यातलं आपलं कोणतं, ते ओळखायला पान्हा नंतर लागतो. आधी लागतात ते प्रश्न. आणि हे प्रश्न फुकट असतात.

पहिला प्रश्न : एकदम दाबल्यावर अडखळते, की हळू दाबल्यावरही? हळू दाबल्यावर लोण्यासारखी जाते आणि एकदम दाबल्यावरच गचका देते, तर संशयित पहिला तो पंप. इंजिन बंद करा, बिडी-काडी दूर ठेवा, एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या घशात पाहा आणि अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढा. पिचकारी दिसली पाहिजे. या तपासणीला एक मिनिट लागतं. त्यातलं अर्धं बॉनेटचा दांडा उभा करण्यात जातं.

दुसरा प्रश्न : थंड असताना, की तापल्यावर? फक्त सकाळी थंड असताना कुरकुरत असेल तर चोककडे बघा. मे महिन्यात, घाट चढताना, दुपारी दोन वाजता होत असेल तर नळीतलं पेट्रोलच उकळून त्याची वाफ होत असते आणि पंपाला ती वाफ ओढता येत नाही. जुने ड्रायव्हर अशा वेळी एसी पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि चहा प्यायला जायचे. पोरं हसायची. पण त्या ओल्या फडक्यात पुस्तकातलं पदार्थविज्ञान होतं, आणि चहात तर होतंच होतं.

तिसरा प्रश्न : सुरुवातीला व्यवस्थित आणि दहा-पंधरा किलोमीटर पळाल्यावर गळाठते का? तसं असेल तर पेट्रोल पुरेसं पोचत नाही. फिल्टर बघा, पंप बघा, पण त्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा. त्या झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं, की जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत येत नाही आणि टाकी पेट्रोल सोडेनाशी होते. झाकण फिरवल्यावर 'फुस्स' असा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर समजा रोग सापडला. टाचणीने बरा होणारा दुसरा आजार माझ्या माहितीत नाही.

चौथा प्रश्न : चोक किंचित ओढला तर सुधारते का? सुधारत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. म्हणजे जेट तुंबलं असेल, नाहीतर गाडी कुठूनतरी चोरून एअर घेत असेल. कार्बोरेटरखालचं गास्केट हे या चोराचं आवडतं दार. इंजिन चालू ठेवून त्या सांध्यावर ब्रशने थोडं साबणाचं पाणी लावा. इंजिनचा सूर बदलला की चोर सापडला.

पाचवा प्रश्न : चढावर, चार माणसं घेऊन, ओझं पडल्यावरच मिसिंग मारते का? मग पेट्रोल सोडा आणि विजेकडे वळा. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. ती चुकली, कंडेन्सर गेला किंवा प्लगच्या वायरी जुन्या झाल्या, तर ठिणगी ऐन कामाच्या वेळी कामचुकारपणा करते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. वायरींवर दिवाळी दिसली तर तीच फुटकी. कार्बोरेटरचे नव्वद टक्के बिघाड विजेचे असतात, असा मेकॅनिक लोकांत एक जुना विनोद आहे. विनोद जुना आहे, पण त्याचं वय झालेलं नाही.

असे हे पाच प्रश्न. ते विचारायला पाच मिनिटं लागतात. आता प्रश्न न विचारल्यास काय लागतं ते सांगतो.

आमची गाडी म्हणजे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याची जन्मलेली, १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. तिची तक्रार अगदी स्वच्छ होती. हळू दाबलं तर ठीक, साठच्या वेगात ठीक, चढावर ठीक. एकदम दाबलं की आवंढा. हे सगळं मी एका मोठ्या, फरशी घातलेल्या गॅरेजात पहिल्याच दिवशी सांगितलं. तिथल्या गृहस्थांनी "हो, हो" म्हणत बॉनेट उघडलं, आत डोकावले आणि जीभ टाळूला लावून 'च्यक्' असा आवाज केला. डॉक्टरने एक्स-रे उजेडाकडे धरून असा आवाज केला की पेशंट मनातल्या मनात मृत्युपत्र करायला घेतो. गॅरेजातही तसंच होतं, फक्त मृत्युपत्राच्या जागी चेकबुक असतं.

पहिल्या आठवड्यात प्लग बदलले. गाडी अडखळली. दुसऱ्या आठवड्यात पॉइंट आणि कंडेन्सर. गाडी अडखळली. तिसऱ्या आठवड्यात एसी पंप. गाडी पूर्वीच्याच निष्ठेने अडखळली. चौथ्या आठवड्यात ते गृहस्थ हात पुसत पुसत माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, खरं सांगू का? गाडीचं वय झालं. रिंगा गेल्या असणार. इंजिन खोलावं लागेल."

मी विचारलं, "कशावरून?"

"अनुभवावरून."

मला अनुभवाबद्दल आदर आहे. पण अनुभवाचा उपयोग कोणता प्रश्न आधी विचारावा हे ठरवायला होतो. प्रश्न न विचारण्यासाठी नव्हे. तीस वर्षं एकच चूक केली, तर त्याला तीस वर्षांचा अनुभव म्हणत नाहीत. आणि या गृहस्थांनी चार आठवड्यांत एकदाही गाडीत बसून ती चालवून पाहिली नव्हती. पेशंटला न पाहता ऑपरेशनची तारीख देण्यासारखाच हा प्रकार.

इंजिन खोलण्याचा जो आकडा त्यांनी सांगितला, तेवढ्यात माझ्या तारुण्यात मुंज झाली असती, जेवणावळीसकट. मी गाडी काढून घेतली आणि नाल्यापलीकडे वडाच्या झाडाखाली बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. म्हातारबुवांनी पाटी लावलेली नव्हती, फरशी घातलेली नव्हती. ते आधी एवढंच म्हणाले, "कधी अडखळते?"

मला अक्षरशः गहिवरून आलं. चार आठवड्यांत मला कोणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी सांगितलं. ते गाडीत बसले, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, इंजिन बंद केलं, एअर क्लीनर काढला आणि माझ्या हातात टॉर्च दिला. "आत बघा साहेब." त्यांनी बोटाने दांडा ओढला. पिचकारी यायला हवी होती. तिथे आला एक थेंब, तोही तेराव्याच्या पंगतीत दूरच्या नातेवाइकाच्या डोळ्यांतून येतो तसा. मग त्यांनी चार स्क्रू काढून पंपातला रबरी पडदा माझ्या तळहातावर ठेवला. रुपयाच्या नाण्याहून जरासा मोठा. उन्हाळ्यातल्या टाचेसारखा भेगाळलेला. नवा पडदा दोन मिसळींच्या पैशांत आला. संध्याकाळी सिग्नलवर मी अ‍ॅक्सिलरेटर मुद्दाम एकदम दाबला आणि गाडी अशी सुटली की मागच्या रिक्षावाल्याचं वाक्य अर्धवट राहिलं.

आता मला सांगा, गाडीचं वय कुठे गेलं? इंजिन तेच, रिंगा त्याच. वय तर उलट चार आठवड्यांनी वाढलेलं होतं.

इथे कोणी म्हणेल, अहो, मिस्त्रीला वेळेचे पैसे पडतात. शोधत बसण्यापेक्षा भाग बदलणं स्वस्त. ऐकायला बरं वाटतं. पण एका वेळी तीन भाग बदलले आणि गाडी सुधारली, तर रोग कोणता होता हे कधीच कळत नाही. आणि नाही सुधारली, तर त्या तीन नव्या भागांतला एखादा स्वतःच आजारी नाही ना, ही चौथी शंका उभी राहते. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या बाजारात नकली कंडेन्सरला तोटा नाही. जुनं ते बिघडलेलं असतंच असं नाही आणि नवं ते चांगलं असतंच असं तर मुळीच नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि तीही संशयावरून नव्हे, पुराव्यावरून.

दुसरे म्हणतील, हे सगळं जुन्या गाड्यांचं रडगाणं. आता कॉम्प्युटर आहे. वायर लावली की रोगाचा नंबर पडद्यावर. त्याचंही ऐका. नव्या गाडीत 'पी ०१७१' असा एक नंबर येतो. त्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, एवढाच. ही खबर देतो तो धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर. हवा कुठून शिरली हे त्याने सांगितलेलं नसतं. एखादी नळी तडकली असेल, फिल्टर तुंबला असेल, पंप मंदावला असेल. पण पुष्कळ ठिकाणी नंबर वाचला की पहिल्यांदा बदलतात तो सेन्सरच! गावात चोर शिरल्याची वर्दी देणाऱ्या रामोशालाच फासावर द्यायचं, तशातली ही गत. नंबर म्हणजे तक्रार. निदान त्याच्या पुढे सुरू होतं. म्हणजे कंटाळा जुना नाही. यंत्र नवं आलं तरी कंटाळा तोच आहे.

आणि कधी कधी गाडी बदललेलीच नसते, जग बदललेलं असतं. आमच्या पद्मिनीचं बालपण शिसं घातलेल्या पेट्रोलवर गेलं. २००० साली देशभर ते बंद झालं, चांगलंच झालं. पुढे फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. इथेनॉलला जळायला पेट्रोलइतकी हवा लागत नाही. किलोला साधारण नऊ किलो पुरते, कारण थोडा ऑक्सिजन ते घरूनच घेऊन येतं. पण कार्बोरेटरच्या जेटचं भोक १९८६ साली जेवढं होतं तेवढंच आहे. त्यामुळे त्याच भोकातून आता मिश्रण पातळ जातं, आणि पातळ मिश्रणावर गाडी दबते. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, हवेतलं पाणी शोषतं आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेली घाण सुटी करून पुढे पाठवतं. (इथे आमच्या मेहुण्यांच्या कचऱ्याला एक गुण द्यायला मी तयार आहे.) मग इलाज काय? इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि पडदे बसवा, फिल्टर बघत राहा, जाणकाराकडून जेट किंचित मोठं करून घ्या. जेवण बदललं म्हणून पोट बिघडलं, तर त्याला म्हातारपण म्हणत नाहीत.

बरं, माझं म्हणणं असंही नाही की गाडीचं वय कधीच होत नाही. होतं. रिंगा झिजतात, व्हॉल्व्ह जळतात, कधी खरोखरच इंजिन खोलावं लागतं. पण गंमत अशी की वयाचंसुद्धा माप असतं! कॉम्प्रेशन गेज नावाचं एक घड्याळासारखं उपकरण मिळतं. सगळे प्लग काढायचे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा, स्टार्टर मारायचा आणि एकेका सिलिंडरचा दाब लिहून घ्यायचा. चारही आकडे जवळपास आले तर ठीक. एखादा फारच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा बघायचं. काटा वर चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर बहुतेक व्हॉल्व्ह. यालाच म्हणतात वय काढणं. ज्याने हे गेज लावलं आणि चार आकडे माझ्यापुढे ठेवून "साहेब, वय झालं" म्हटलं, त्याला मी हात जोडून इंजिन खोलू देईन. कारण त्याने मोजलं. बाकीच्यांनी नुसतंच 'च्यक्' केलं.

इतका वेळ मी मोटारीबद्दल बोलतो आहे आणि तुम्ही मनात म्हणत असाल, एका रबरी पडद्यासाठी केवढा हा आकांत! पण हे दोन शब्द मोटारीपुरते थांबत नाहीत, म्हणून मी तापलो आहे.

आमच्या आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. स्वतःच्या हाताने पुरणपोळ्या लाटणाऱ्या. त्या एकाएकी दमायला लागल्या. देवळाच्या पाच पायऱ्या चढल्या की तिसरीवर थांबायच्या. घरचे म्हणाले, वय झालं. शेजारचे म्हणाले, वय झालं. एका डॉक्टरांनी तपासून न तपासल्यासारखं करून कागदावर तेच जरा संस्कृतात लिहिलं : 'वयोमानानुसार.' असं आठ महिने चाललं. शेवटी एका नवशिक्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, हे कधीपासून?" आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन सात! गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या गोळ्यांनी पोटात जखम झाली होती आणि तिथून थोडं थोडं रक्त जात होतं. गोळ्या बंद झाल्या, उपचार झाले, आत्या पुन्हा पायऱ्या चढू लागल्या. सगळे आनंदाने भेटायला गेले, तेव्हा आत्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, म्हातारी तर मी आधीपासूनच होते. दमायला नंतर लागले."

या एका वाक्यात तर्कशास्त्राचं अख्खं पुस्तक आहे. वय काल रात्री आलेलं नसतं. ते गेल्या महिन्यातही होतं, आणि गेल्या महिन्यात गाडी पळत होती. मग या महिन्यात नवीन काय झालं, ते शोधा ना! मोटारीला बोलता येत नाही म्हणून तिची चार आठवडे लूट झाली. आत्यांना बोलता येत होतं, तरी आठ महिने त्यांचं कोणी ऐकलं नाही.

सरकारही कॅलेंडर पाहून गाड्यांना घरी पाठवतं, हे मला माहीत आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून पद्मिनी कायमची गेली. वाईट वाटलं, पण हजारो टॅक्सींना एक नियम लावायचा तर आकडा कुठेतरी धरावाच लागतो. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी आरटीओत नेऊन तपासून घ्यावं लागतं, तेव्हा पुढच्या पाच वर्षांचं दान मिळतं. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी मोटारीला ६०० रुपयांवरून ५,००० झाली. झाली तर झाली. सरकार निदान फी घेऊन का होईना, तपासा तरी म्हणतं. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे मूळ रूपात सांभाळलेली गाडी पन्नाशी ओलांडली की 'व्हिन्टेज' ठरते. म्हणजे एकोणपन्नासाव्या वर्षी जिला भंगार म्हणायचं, तिलाच एक्कावन्नाव्या वर्षी वारसा म्हणून हार घालायचा! मधली दोन वर्षं तिने लाज गिळून गप्प बसावं.

सरकारपुढे लाखो गाड्या असतात. गॅरेजवाल्यापुढे त्या वेळी एकच असते, डॉक्टरपुढे एकच पेशंट असतो आणि आपल्यापुढे आपलं एकच माणूस. तिथे आकड्यावर भागवायचं कारण नाही. म्हणून माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे. औषध नका करू, भाग नका बदलू, निदान निदान तरी करा! आणि कोणी 'वय झालं' म्हणालाच, तर भांडू नका. फक्त विचारा, "किती झालं? मोजून दाखवता का?"

मी तर परवापासून सुरुवातच केली आहे. सकाळी खुर्चीतून उठताना मी जरा थबकलो, तर आमचा पुतण्या मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "काका, वय झालं." मी त्याला म्हटलं, "बाळा, आधी मला सांग; थंड असताना की तापल्यावर? एकदम उठल्यावर की हळू उठल्यावरही?"

तो अजून विचार करतो आहे. डोकं मात्र वर आलं.